होडीचा कणा

पारल्याहून इर्ला ओलांडून पश्चिमेला चालत गेले, की अर्ध्या-पाऊण तासात जुहूचा समुद्र लागतो. मागे एका रविवारी सकाळी आम्ही आमच्या वाचनवर्गातील मंडळींना घेऊन तेथे गेलो होतो. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. दूर पाण्यात पांढऱ्या शिडाची एक लहान होडी चालली होती. वारा जोराचा होता. होडी एका अंगावर इतकी कलली होती, की आता उलटते की मग, असे वाटत होते.

वर्गातल्या एक बाई ओरडल्या, "अगं बाई! गेली ती होडी!"

जवळच एक म्हातारे कोळीदादा जाळे विणत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. ते म्हणाले, "ती नाय जायची, बाय. तिच्या पोटाखाली वजन हाय."

आणि खरोखरच थोड्या वेळाने वारा पडला आणि होडी आपली आपण उभी राहिली.

तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला नसेल. शिडाची होडी तर त्याहून कमी जणांनी पाहिली असेल. तरी ह्या पोटाखालच्या वजनाची गोष्ट सर्वांनी वाचण्यासारखी आहे. तिच्यात मुंबईच्या सुतारांचीही गोष्ट आहे.

१. वजन कोठे ठेवावे?

गाडीत कडबा उंच रचला आणि वाट खाचखळग्यांची असली, तर गाडी कलंडते. तेच वजन धान्याच्या पोत्यांचे असले आणि ते गाडीच्या तळाशी असले, तर गाडी सहसा कलंडत नाही. वजन जितके खाली, तितका तोल पक्का.

जत्रेत एक बसकी बाहुली मिळते. तिला कितीही आडवी करा, हात काढला की ती उठून बसते. तिच्या बुडाशी शिसे किंवा माती भरलेली असते. वरून ती पोकळ असते. म्हणून ती पडत नाही.

शर्यतीच्या लहान होडीत हीच युक्ती केलेली असते. होडीच्या तळाखाली, अगदी मधोमध, एक जाड पाते पाण्यात खाली गेलेले असते. ते लोखंडाचे किंवा शिशाचे असते. इंग्रजीत त्याला कील म्हणतात. आपण त्याला कणा म्हणू. माणसाचा कणा पाठीत असतो, होडीचा पोटाखाली असतो, एवढाच फरक.

वारा शिडाला ढकलतो. शीड उंच असते, म्हणून होडी कलते. होडी जसजशी कलते, तसतसा खालचा कणा दुसऱ्या बाजूला वर उचलला जातो. पाण्याने भरलेली कळशी अंगाजवळ धरली तर हलकी वाटते. हात लांब करून धरा पाहू! तीच कळशी जड होते. कण्याचेही तसेच आहे. तो मध्यापासून बाजूला गेला की त्याचे ओझे जास्त लागू पडते आणि ते होडीला खेचून पुन्हा उभी करते. म्हणून होडी जितकी जास्त कलते, तितका कणा तिला जास्त जोराने सावरतो.

२. कण्याचे दुसरे काम

कणा आणखी एक काम करतो. एक रुंद फळी घ्या. ती नदीच्या पाण्यात उभी धरा. आता ती धारेच्या बाजूने पुढे सरकवा. ती सुरीसारखी सहज जाते. मग तीच फळी आडवी ढकलून बघा. पाणी तिला अडवते.

होडीच्या कण्याला पाणी असेच अडवते. वारा बाजूने आला तर होडीला तो आडवी ढकलू पाहतो. कणा तसे होऊ देत नाही. मग होडीला पुढे जाण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. त्यामुळे शिडाची होडी वाऱ्याच्या उलट दिशेलाही जाऊ शकते. ती सरळ जात नाही. घाटातल्या वळणांसारखी आधी डावीकडे, मग उजवीकडे, अशी नागमोडी जाते. पण जाते.

आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांनी कोळीदादांना विचारले, "मग तुम्ही तुमच्या होडीला असा कणा का लावत नाही?"

कोळीदादा हसले. "आमची होडी रोज वाळूवर ओढाया लागते. खाली येवढं पातं लावलं, तर वढायची कशी? आणि खाडीत शिरायची कशी?"

उत्तर अगदी बरोबर होते. जसे काम, तशी होडी. मासळी आणणारी होडी उथळ पाण्यात चालली पाहिजे. शर्यतीच्या होडीला खोल पाणी लागते, पण ती वादळात तोल सांभाळते.

३. होड्यांचाही वर्ग असतो

आता शर्यतीकडे वळू. बैलगाड्यांची शर्यत तुम्हांला ठाऊक आहे. शिडाच्या होड्यांची शर्यतही तशीच चुरशीची असते. पण पूर्वी तिच्यात एक खोट होती. ज्याच्यापाशी पैसा जास्त, तो दरसाल नवी होडी बांधी. ती मागच्या वर्षीच्या होडीपेक्षा लांब असे, हलकी असे, तिला शीड मोठे असे. मग बक्षीस त्याचेच. साध्या माणसाने कितीही कौशल्य दाखवले तरी त्याचा पाड लागत नसे. ती शर्यत माणसांची राहत नसे, थैल्यांची होई.

यावर आयर्लंड देशात डब्लिन शहरी काही लोकांनी १८८७ साली एक तोड काढली. त्यांनी ठरवले, की सर्वांनी एकाच मापाची होडी बांधायची. लांबी तीच, रुंदी तीच, शीड तेवढेच. मग जो जिंकेल तो आपल्या हुशारीने जिंकेल. ह्या पहिल्या होड्यांना जड कणा नव्हता. त्या अगदी लहान होत्या. पण कल्पना सगळीकडे पसरली. एका मापाच्या होड्यांच्या समूहाला 'क्लास' म्हणजे वर्ग म्हणू लागले. आपला वाचनाचा वर्ग असतो, तसा हा होड्यांचा वर्ग.

कण्याच्या लहान होड्यांचे असे अनेक वर्ग पुढे झाले. अमेरिकेत १९११ साली 'स्टार' नावाचा वर्ग निघाला. नॉर्वे देशातील योहान आंकर यांनी १९२९ साली 'ड्रॅगन' होडीचा आराखडा केला. मुंबईतही शिडाच्या होड्यांची परंपरा जुनी आहे. येथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. गेटवेसमोरच्या पाण्यात 'सीबर्ड' नावाच्या लहान होड्या मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत.

एका वर्गाची माहिती जरा नीट घेऊ. त्याचे नाव 'जे चोवीस'. होडीची लांबी २४ फूट, म्हणून हे नाव. अमेरिकेतील रॉड जॉन्स्टन यांनी पहिली होडी आपल्या घराच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने बांधली. ती १९७६ साली पाण्यात उतरली. घरच्या माणसांना बरोबर घेऊन ते शर्यतीत उतरले आणि जिंकू लागले. लोक म्हणाले, आम्हांलाही अशीच होडी पाहिजे. पुढे तशा पाच हजारांहून जास्त होड्या झाल्या. मुंबईच्या बंदरातही जे चोवीस होड्यांच्या शर्यती झालेल्या आहेत.

ह्या होडीचे सगळे वजन तेरा-चौदाशे किलो असते. त्यांपैकी सुमारे ४३० किलो शिसे एकट्या कण्यात असते. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वजन पाण्याखाली, कोणाला न दिसणारे. होडीवर बहुधा पाच माणसे असतात. त्यांचेही वजन मोजतात! सर्वांचे मिळून ४०० किलोंपेक्षा जास्त भरता कामा नये, असा नियम आहे. कारण काय? जोराच्या वाऱ्यात माणसे होडीच्या उंच कडेवर ओळीने बसतात आणि आपल्या वजनाने तिला सावरतात. जड माणसे जमवून कोणी फायदा घेऊ नये, म्हणून हा नियम.

हे सगळे नियम कागदावर लिहिलेले असतात. मोजणारा येतो, कागद वाचतो, फूटपट्टी लावतो. होडी श्रीमंताची असो की गरिबाची, माप एकच. ज्याला तो कागद वाचता येतो, त्याला कोणी फसवू शकत नाही.

४. मुंबईत बांधलेली सुहैली

आता कागदाचीच एक गंमत ऐका.

१९६० नंतरच्या काळात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी मुंबईहून आखाती देशांकडे जाणाऱ्या आगबोटींवर काम करीत होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवले, की मुंबईत एक होडी बांधावी आणि तिच्यातून इंग्लंडला जावे. त्यांनी इंग्लंडमधून आराखडा मागवला. पण मागवला एक आणि आला दुसराच! आलेला आराखडा जुन्या पद्धतीच्या होडीचा होता. अमेरिकेतील विल्यम ॲटकिन यांनी तो केला होता, आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या वादळी समुद्रातल्या बचावहोड्यांत होते. नवा आराखडा मागवण्यात वेळ घालवण्यापेक्षा हीच होडी बांधू, असे त्यांनी ठरवले.

मुंबईच्या सुतारांनी ती सागवानाची बांधली. लांबी ३२ फूट. हत्यारे आपल्याकडची नेहमीचीच. लाकूड तासायला वाकस, भोक पाडायला दोरीने फिरवायचा सामता. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून त्या बुजवल्या. हिचा कणा जे चोवीसच्या कण्यासारखा मधोमध लावलेले पाते नव्हे. तो होडीच्या तळाखाली लांबच लांब गेलेला आहे आणि सुकाणू त्याच्याच मागच्या टोकाला जोडलेले आहे. अशी होडी चटकन वळत नाही, पण एकदा वाट धरली की सोडत नाही. १९६४ साली नारळ फोडून ती पाण्यात उतरवली. नाव ठेवले 'सुहैली'. अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात.

१९६८ साली इंग्लंडमध्ये एक मोठी शर्यत जाहीर झाली. एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या होडीतून सबंध पृथ्वीला फेरी घालायची! तोपर्यंत हे कोणीही केलेले नव्हते. त्या शर्यतीत होडीच्या मापाची अट नव्हती. ज्याला जशी जमेल तशी होडी त्याने आणावी. नऊ जण निघाले. काहींच्या होड्या सुहैलीहून पुष्कळ वेगवान होत्या. सुहैली बिचारी संथ, जड, जुन्या घाटाची. ती जिंकेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी निघाले. थोड्याच दिवसांत तळाच्या फटींतून पाणी आत येऊ लागले. भर समुद्रात त्यांनी पाण्यात उड्या मारल्या, होडीखाली बुडी घेऊन फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा मारला. काम चालू असता एक शार्क मासा भोवती फिरू लागला. त्याला बंदुकीने मारून त्यांनी काम पुरे केले. पुढे दक्षिणेच्या समुद्रात वादळाने होडी पार आडवी पाडली. घरातले सामान जसे भूकंपात पडावे, तसे आतले सगळे सामान त्यांच्या अंगावर आले. पण पोटाखालचे वजन आपले काम विसरले नाही. सुहैली पुन्हा उभी राहिली.

होडी आपोआप वाटेवर ठेवणारे यंत्र होते, तेही मोडले. मग त्यांनी शिडे अशी बांधली, की लांब कण्याच्या आधाराने होडी आपली आपण सरळ चालावी. ते झोपत आणि सुहैली चालत राही.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते परत पोचले. बाकीचे आठ जण काय झाले? कोणी माघार घेतली, कोणाची होडी मोडली, एकाने शर्यतच सोडून दिली, एक गृहस्थ समुद्रातच नाहीसे झाले. पोचली ती एकटी सुहैली. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस मुंबईत बांधलेल्या होडीत बसून गेला होता. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांनी त्या नाहीशा झालेल्या गृहस्थांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

नॉक्स-जॉन्स्टन यांचे नाव जगभर झाले. ज्यांनी फळ्या तासल्या, भोके पाडली, कापूस ठासला, त्या सुतारांची नावे जगाला ठाऊक झाली नाहीत. कण्यासारखीच ती पाण्याखाली राहिली. पण होडी त्यांच्याच कामावर उभी होती, हे आपण विसरू नये.

५. पन्नास वर्षांनी

त्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा २०१८ साली ती शर्यत पुन्हा घेण्यात आली. ह्या वेळी मात्र होड्यांचे माप ठरवून दिले. लांबी ३२ ते ३६ फूट. आराखडा १९८८ पूर्वीचा. कणा पूर्ण लांबीचा आणि सुकाणू त्याच्या मागच्या कडेला. वाट शोधायला नवी यंत्रे वापरायची नाहीत, सूर्य-तारे पाहून वाट काढायची. म्हणजे काय, तर सुहैलीसारखी होडी आणि सुहैलीच्या काळची रीत. पूर्वी जिला लोक संथ आणि जुनी म्हणत होते, तीच आता सर्वांचे माप झाली!

ह्या शर्यतीसाठी भारतीय नौदलातील अभिलाष टॉमी यांनी सुहैलीच्याच आराखड्यावरून 'तुरीया' नावाची होडी घेतली. ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधली. अमेरिकेत आखलेला आराखडा इंग्लंडहून मुंबईला आला आणि तेथून पन्नासांहून जास्त वर्षांनी गोव्यात पुन्हा उपयोगी पडला. डोळ्यांनी पाहिलेले आणि हाताने केलेले माणसाबरोबर जाते. कागदावर उतरलेले मागे राहते.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात तुरीया भयंकर वादळात सापडली. लाटांनी तिला उलथीपालथी केले. डोलकाठी मोडली. टॉमी उंचावरून पडले आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना उठताही येईना. पण तुरीया पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. तिच्या आत ते तीन दिवस पडून होते. मग एक फ्रेंच जहाज येऊन पोचले आणि त्यांना सुखरूप बाहेर काढले. माणसाचा कणा मोडला होता, होडीचा शाबूत होता. त्याने माणसाला वाचवले.

टॉमी घरी बसून राहिले नाहीत. पाठ बरी करून ते २०२२ साली त्याच शर्यतीला पुन्हा गेले. ह्या वेळी होडी दुसरी होती, पण मापात बसणारी, लांब कण्याचीच. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या किर्स्टन नॉयशेफर. ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. होड्या सारख्या मापाच्या होत्या. तेथे बाई की पुरुष हे वाऱ्याने विचारले नाही.

जुहूहून परत येताना त्या बाई आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, वरचं शीड समद्यांना दिसतं. खालचं वजन कुनाला दिसत नाय. पर तेच्याबिगर समदं उलटंल."

याहून जास्त आम्ही काय सांगावे? वाचणे-लिहिणे हेही असेच खाली ठेवलेले वजन आहे. ते जवळ असले, म्हणजे वारा कितीही सुटो, माणूस पुन्हा उभा राहतो.

शब्दांचे अर्थ

कणा – होडीच्या तळाखालचे जड पाते. शीड – वारा धरणारे मोठे कापड. डोलकाठी – शीड लावण्याचा उंच खांब. सुकाणू – होडी वळवण्याचे साधन. आराखडा – बांधण्याआधी मापे घालून काढलेले चित्र. वाकस – लाकूड तासण्याचे सुताराचे हत्यार. सामता – भोक पाडण्याचे हत्यार.

प्रश्न

१. होडी कलली की कणा तिला कसा सावरतो? बाहुलीचे उदाहरण घेऊन सांगा.

२. जुहूचे कोळी आपल्या होडीला खोल कणा का लावत नाहीत?

३. सर्व होड्या एका मापाच्या केल्याने काय फायदा झाला?

४. सुहैली कोठे बांधली? तिची हत्यारे कोणती?

५. तुमच्या गावात कोणत्या कामाची मापे तोंडी चालतात? त्यांतले एक माप वहीत लिहून काढा.